शाकारणीत खाली पडलेलं पिल्लू: पेठेतल्या वाड्यातलं गव्हाणी घुबड

मे महिन्याचा दुसरा आठवडा. शिवाजी पेठेतला एक जुना कौलारू वाडा. वळवाचे दोन पाऊस होऊन गेलेत, मृगाला महिना उरलाय, म्हणून शाकारणी, म्हणजे पावसाआधीची कौलांची डागडुजी, काढलेली. सकाळी दहाच्या सुमारास आढ्याजवळची मंगलोरी कौलं उतरवताना गवंड्याच्या जोडीदारानं हात मागं घेतला. "मालक, वर नाग हाय बगा. फुसकारतोय." काठीनं पोटमाळ्याची एक फळी सरकवली, आणि त्या फटीतून पांढऱ्या लोकरीचा गोळा दहा फूट खाली सोप्यात पडला. नाग नव्हता. गव्हाणी घुबडाचं पिल्लू होतं.

कोल्हापूरच्या पेठांत शाकारणीच्या दिवसांत असे प्रसंग येत राहतात. त्यातलं हे एक प्रातिनिधिक प्रकरण सविस्तर मांडतो आहोत. कारण पक्ष्याच्या पिल्लाबद्दल जो सल्ला आता बहुतेकांना पाठ झालाय, म्हणजे 'हात लावू नका, जवळच्या फांदीवर ठेवा, आईबाप येऊन सांभाळतील', तो या पक्ष्याला लागू पडत नाही. गव्हाणी घुबडाचं उडता न येणारं पिल्लू घरट्याबाहेर पडलं, की आईबापांच्या लेखी ते बहुधा संपतं. ते खाली रात्रभर ओरडत राहिलं तरी ते त्याला खाली येऊन भरवत नाहीत. घास घरट्याच्या जागेवर येतो, पिल्लामागं फिरत नाही. म्हणून इथं सगळा प्रश्न एकच: पिल्लू नेमक्या त्याच जागी, पोट भरलेल्या अवस्थेत, त्याच संध्याकाळी परत कसं जाईल.

पहिला तास, आणि त्यात झालेल्या चुका

घरच्यांनी मायेनं जे जे केलं, त्यातलं बरंचसं पिल्लाच्या जिवावर बेतणारं होतं. घरातल्या शाळकरी मुलानं ड्रॉपरनं चोचीत पाणी सोडलं. पिल्लू शिंकलं, मान झटकली. पक्ष्याच्या जिभेच्या बुडाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. बाहेरून सोडलेलं पाणी तिथून सरळ फुप्फुसात उतरतं आणि दोन दिवसांत न्यूमोनियानं पिल्लू जातं. इथं दोन थेंबांवर निभावलं. तरीही पुढचे काही तास श्वासात टकटक किंवा बुडबुड्यांचा आवाज येतो का, चोच उघडी ठेवून श्वास चाललाय का, याकडं लक्ष ठेवावं लागलं. मग वाटीत दूध-भात आला. तो वेळीच थांबवला. पक्ष्याला दूध पचत नाही, आणि शिकारी पक्ष्याच्या पोटात भाताचा काही उपयोग नाही.

तिसरी चूक दिसायला साधी होती. वारा लागावा म्हणून पिल्लाची पाटी परसात तुळशीजवळ ठेवली. दहा मिनिटांत कौलांवर पंधरा-वीस कावळे जमले. दिवसा उघड्यावर घुबड दिसलं की कावळे त्याच्यावर तुटून पडतात, पिल्लाचे तर डोळेच फोडतात. शिवाय मे महिन्यातलं ऊन. चार आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगावर दाट लव असते. कोल्हापुरातल्या मेच्या दुपारी त्याला थंडी वाजण्यापेक्षा उकाड्यानं मरण्याचा धोका जास्त.

घरातल्या आजींनी मात्र एक गोष्ट पहिल्या मिनिटाला केली. गल्लीतली पोरं जमली तेव्हा त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "दगड मारू नगा रं पोरांनो. त्यो दगड नदीत नेऊन घासतंय ते, दगड झिजंल तसं माणूस झिजतंय." ही समजूत खरी नाही हे सांगायला नको. पण त्या घटकेला तिनं पिल्लाला राखलं, आणि तिथं उभं राहून आजींशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता. घुबड अपशकुनी म्हणणाऱ्यांना समजावण्याची वेळ नंतर आली, पिल्लू खोक्यात सुरक्षित गेल्यावर.

योग्य कृती काय होती? जुना टॉवेल डोक्यासकट अंगावर टाकायचा. डोळ्यांपुढं अंधार झाला की घुबड शांत होतं. टॉवेलावरून दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटवून उचलायचं. चोचीला लोक भितात, पण जखम करतात ती नखं. म्हणून पायांवर पकड हवी, आणि जाड हातमोजे असले तर उत्तम. खोकं पुठ्ठ्याचं, साधारण दीड फूट लांब-रुंद. झाकणाला आणि बाजूंना पेन्सिलीएवढी दहा-बारा भोकं. तळाला घडी केलेली जुनी चादर किंवा चटईचा तुकडा. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, तो गुळगुळीत असतो. त्यावर वाढत्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकत जातात, आणि एकदा फाकलेले पाय सरळ करणं अवघड. खोकं घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या, शांत खोलीत. इथं देवघराशेजारची कोठीची खोली मिळाली. टीव्ही बंद, कुत्रं बांधलेलं, आणि दार उघडून 'बघू बघू' करणाऱ्यांना मनाई.

वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक लागला तो या टप्प्यावर. गव्हाणी घुबडाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय ते घरात ठेवणं, मग हेतू कितीही चांगला असो, गुन्हा ठरतो. फोन केल्याची वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव कागदावर टिपून ठेवावं. वनरक्षक आणि पक्ष्यांच्या कामातला एक अनुभवी कार्यकर्ता दुपारी साडेबारापर्यंत वाड्यात पोचले.

वय ओळखणं

वयावर पुढचं सगळं ठरतं. गव्हाणी घुबडाची मादी पहिलं अंडं घालताच उबवायला बसते. पुढची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं येतात आणि महिन्याभरानं त्याच अंतरानं फुटतात. त्यामुळं एकाच घरट्यात धाकटं आणि थोरलं यांच्यात आठवड्याचा किंवा त्याहून जास्त फरक पडतो. शेजारी ठेवली तर ती भावंडं वाटणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात पिल्लू गुलाबी, विरळ लवीचं, डोळे मिटलेलं असतं. दोन आठवड्यांपर्यंत डोळे उघडतात, दुसरी दाट लव येऊ लागते. तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्याचा बदामी आकार ओळखू येतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पंखांच्या कडेला निळसर नळ्या दिसतात आणि त्यांच्या टोकांना उघडणारं पीस. सातव्या-आठव्या आठवड्यात पिल्लू जवळजवळ मोठ्यासारखं दिसतं, फक्त पोटावर आणि मांड्यांवर लवीचे पुंजके राहतात. पहिली धड झेप आठव्या आठवड्याच्या आसपास, कधी आणखी आठवडाभरानं.

सोप्यात पडलेल्या पिल्लाचा चेहरा बदामाच्या आकाराचा झालेला होता, पंखात नळ्या होत्या, दोन-तीन नळ्यांच्या टोकांशी बदामी रंगाचं पीस अर्धा सेंटिमीटर बाहेर आलेलं. म्हणजे चार आठवडे उलटलेले. खोक्याचं झाकण उघडताच त्यानं मान खाली घातली, पंख ढालीसारखे पुढं काढले, डोकं घड्याळाच्या लंबकासारखं जमिनीलगत डावी-उजवीकडं झुलवलं आणि दीर्घ फुसकारा सोडला. अंधारात हा आवाज ऐकणाऱ्याला नाग आठवला तर त्याला हसू नये. घरट्यावर आलेल्या मांजरालाही बहुधा तेच आठवतं.

तपासणी

घुबड वरून खाली पडलं की बाहेरून धड दिसतं आणि आत दुखावलेलं असतं. म्हणून क्रम ठरलेला. आधी दुरून दोन मिनिटं नुसतं बघणं: दोन्ही पायांवर समान उभं आहे का, एक पंख लोंबतोय का, डोकं एका बाजूला कलतंय का. मग हातात घेऊन. दोन्ही पंख हलकेच उलगडून सांध्याजवळ सूज, करकर किंवा हिरवट-निळा डाग. चोचीत आणि नाकपुड्यांशी रक्त. दोन्ही डोळ्यांत रक्ताची रेघ किंवा बाहुली लहान-मोठी. घुबडाचे डोळे कवटीत घट्ट बसलेले आणि आकारानं मोठे, धक्का आधी तिथं लागतो. विष्ठेच्या जागेभोवती, पंखांच्या काखेत आणि कानाच्या फटीत माश्यांची अंडी. तांदळाच्या कण्यांसारखे पिवळट-पांढरे पुंजके दिसले तर चिमट्यानं तेव्हाच काढायचे. उन्हाळ्यात त्यातून काही तासांतच अळ्या होतात.

आणि छातीचं हाड. छातीच्या मधोमध जो उभा कणा असतो त्यावरून बोट फिरवलं की पिल्लाला किती दिवस खायला मिळालंय हे कळतं. दोन्ही बाजूंचं मांस भरलेलं असेल तर कणा जेमतेम लागतो. उपाशी पिल्लाचा कणा विळीच्या पात्यासारखा हाताला येतो. इथं मांस ठीक होतं. म्हणजे आईबाप जिवंत आहेत आणि कालपर्यंत नीट भरवत होते. पिल्लू परत ठेवायचं की नाही याचा अर्धा निर्णय या एका बोटावर झाला.

पशुवैद्यकानं तपासून हाड मोडलेलं नसल्याचं सांगितलं. हाड मोडलेलं असतं, डोळ्यात रक्त असतं किंवा मांजरानं तोंडात धरलेलं असतं, तर त्या संध्याकाळी परत ठेवायचा विचारच करायचा नाही. मांजराच्या दाताची जखम टाचणीएवढी दिसते, पण तिच्यातले जंतू रक्तात उतरले की पक्षी दोन दिवसांत जातो. अशा पिल्लाला लगेच प्रतिजैविक लागतं, आणि तेही वैद्यानंच द्यायचं.

भरवूनच परत का

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी तीच घाईत सुटते. लोकांना वाटतं, घरट्यात ठेवलं की आई बघून घेईल. पण गव्हाणी घुबडाच्या घरट्यात अशक्त, न हलणाऱ्या, न ओरडणाऱ्या पिल्लाला कोणी सांभाळत बसत नाही. थोरली भावंडं त्याला खाद्य समजू शकतात. धडधाकट पिल्लू मात्र परतताच घासासाठी ओरडू लागतं, भावंडांना ढकलतं आणि आपली जागा घेतं. म्हणून आधी थंडावा, मग खाणं, मग घरटं. हा क्रम उलटला तर आपणच त्याला मारलं असं समजावं.

'माणसाचा वास लागला की आई टाकून देते' ही भीतीही इथं अनेकांनी बोलून दाखवली. घुबडाला वासाचं ज्ञान जेमतेम असतं. हाताळलेलं पिल्लू ते त्या कारणानं नाकारत नाही.

खायला काय द्यायचं? घुबड उंदीर अख्खा गिळतं. त्यातलं मांस पचतं, हाडातला चुना (कॅल्शियम) पिल्लाच्या हाडांना लागतो, आणि केस व उरलेली हाडं काळ्या गोळीच्या रूपात उलटून पडतात. ही गोळी पडणं पचनासाठी आवश्यक आहे. वाढत्या पिल्लाला दिवसाला लहान उंदरांच्या हिशेबात तीन-चार तरी लागतात. एका दुपारीपुरता पर्याय म्हणजे कातडं काढलेल्या कच्च्या कोंबडीचे शेंगदाण्याएवढे तुकडे. मीठ-मसाला नाही, शिजवलेलं नाही, फ्रिजमधलं गार नाही. तुकडा कोमट पाण्यात बुडवून द्यायचा. पिल्लाला हवं ते पाणी त्यातूनच मिळतं, वेगळं पाजायची गरज नाही. बोथट चिमट्यात तुकडा धरून चोचीच्या कडेच्या मिशांसारख्या केसांना हलकेच टेकवला की ते तोंड उघडतं. घुबडाला अगदी जवळचं नीट दिसत नाही, ते स्पर्शानं घेतं. समोरून डोळ्यांपुढं नाचवला तर फुसकारत बसेल. पाच-सहा तुकडे झाले की थांबायचं, तीन-चार तासांनी पुन्हा. इथं दीड वाजता आणि पाच वाजता असं दोनदा भरवलं.

मात्र नुसतं कोंबडीचं मांस चार-आठ दिवस दिलं तर चुन्याअभावी पायाची हाडं वेताच्या काठीसारखी वाकतात. घरी 'वाढवलेली' घुबडं जी लंगडी होऊन येतात, ती बहुतेक अशानंच.

आणि उंदीर देताना तो कसा मेला हे ठाऊक असल्याशिवाय द्यायचा नाही. बाजारात मिळणाऱ्या उंदराच्या विषारी वड्यांत ब्रोमाडिओलोनसारखं रक्त न गोठू देणारं औषध असतं. उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही. दोन-चार दिवस मंद होत फिरतो, सहज हाती लागतो, आणि घुबड तो उचलतं. मग आतल्या आत रक्तस्राव होऊन घुबड मरतं, आणि पिल्लांना भरवलेलं असेल तर पिल्लंही. या वाड्यातल्या धान्याच्या खोलीत अशा वड्या ठेवलेल्या निघाल्या. त्या त्याच दुपारी उचलायला लावल्या, आणि चिकट पुठ्ठेही. त्याऐवजी पिंजरे लावले. ज्या घरात घुबडाचं जोडपं राहतंय त्या घराला विषाची गरज तशीही कमीच.

घरटं शोधणं, आणि घरटं उरलंय का ते पाहणं

गव्हाणी घुबड काटक्यांचं घरटं बांधत नाही. 'घरटं' म्हणजे एक अंधारी सपाट जागा आणि तिच्यावर वर्षानुवर्षं साचलेल्या गोळ्यांचा भुगा. शोधताना भिंतीवरचे चुन्यासारखे पांढरे ओघळ, खाली पडलेल्या काळ्या गोळ्या आणि अमोनियासारखा उग्र दर्प यांचा माग काढायचा. ताजी गोळी काळी, ओलसर, लाखेसारखी चकचकीत असते. जुनी करडी आणि ठिसूळ. फोडली तर आत उंदरांच्या आणि चिचुंद्रीच्या कवट्या अख्ख्या सापडतात.

इथं जागा सापडली ती आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीच्या माथ्यावर. जुनी मातीची भिंत दोन फुटांहून रुंद. तुळईच्या टोकाशी एक खबदाड, आणि बाजूला वाऱ्यासाठी ठेवलेला झरोका, जिथून घुबडं ये-जा करत होती. खबदाडीत तीन पिल्लं होती. एक पडलेल्यापेक्षा थोडं मोठं, दोन लहान, सर्वांत धाकटं साडेतीन आठवड्यांच्या आसपासचं. तिघं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर रेलून फुसकारत होती. आईबाप दिसले नाहीत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण पिल्लं एवढी झाली की मादी दिवसा त्यांच्याजवळ बसत नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. त्या जागेवरची कौलं उतरलेली, कौलांखालच्या रीपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, निघालेल्या, आणि पोटमाळ्याच्या दोन फळ्या कुजलेल्या. म्हणजे परत ठेवायला जागा होती, पण तिच्यावर छप्पर नव्हतं. पिल्लांना उडायला अजून चार आठवडे हवेत. पाऊस त्याच सुमाराला येणार, आणि वळीव तर उद्याही येईल.

तीन वाटा होत्या. चारही पिल्लं उपचार केंद्रात नेणं: सोपं, पण धडधाकट आईबाप असताना पिल्लांना त्यांच्यापासून तोडायचं कशाला? हा मार्ग शेवटचा. शाकारणी जूनअखेरपर्यंत थांबवणं: पक्ष्यांच्या दृष्टीनं वाईट नाही, पण उघड्या आढ्यातून पाऊस मातीच्या भिंतीत उतरला तर भिंतच खचेल. घरमालकाला एवढं मागणं बरोबर नव्हतं, आणि अशी मागणी केली की पुढच्या वेळी लोक फोनच करत नाहीत. तिसरी वाट म्हणजे त्याच जागेला चिकटून लाकडी पेटी बसवायची, पिल्लं तिच्यात ठेवायची, आणि वरून कौलं चढवून टाकायची. ती निवडली.

पेटी

सुताराला दुपारी तीनला माप दिलं, साडेपाचला पेटी तयार. बारा मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, आठ बाय चार फुटांचं एकच शीट. तळ सत्तर गुणिले साठ सेंटिमीटर, उंची साठ. सगळे सहा तुकडे साठ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्यांतून निघतात, आणि उरलेल्या चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पट्टीतून पेटीबाहेरची फळी होते. दाराचं भोक तेरा गुणिले तेरा सेंटिमीटर. एका मापात मात्र कधीही तडजोड करायची नाही: भोकाची खालची कड तळापासून किमान पंचेचाळीस सेंटिमीटर वर हवी.

पुष्कळ ठिकाणी घुबडांसाठी लावलेल्या पेट्यांत हे भोक तळापासून वीतभर उंचीवर असतं, माणसाला बघायला सोयीचं. आईबाप घास घेऊन आले की पिल्लं भोकाकडं धावतात, थोरलं मागून ढकलतं, आणि पुढचं बाहेर जातं. खोल तळ असला की पिल्लू पंखांत बळ आल्याशिवाय भोकापर्यंत पोचत नाही.

आतून रंग नाही, वॉर्निश नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू, टोकं आत निघू न देता. वरच्या कडेला वाऱ्यासाठी दहा मिलिमीटरची चार-चार भोकं. एका बाजूची फळी बिजागरीवर, नंतर साफ करता यावी म्हणून. भोकाबाहेर फळी, तिच्या कडेला दोन सेंटिमीटरची पट्टी उभी ठोकलेली, म्हणजे पिल्लू पुढं पंख झाडायला बाहेर येईल तेव्हा घसरणार नाही.

तळावर खबदाडीतलाच गोळ्यांचा भुगा तीन-चार सेंटिमीटर पसरला. आईला ओळखीचा वास यावा म्हणून नव्हे, तर नुसत्या प्लायवर पाय घसरतात आणि विष्ठेचा ओलावा शोषायला काहीतरी लागतं म्हणून. हा भुगा गोळा करताना तोंडाला मास्क, हातात मोजे. त्याची धूळ छातीत जाता कामा नये.

पेटी दोन जाड फळ्यांवर, तुळईला पट्ट्यांनी बांधून, खबदाडीपासून दोन हातांच्या आत ठेवली. भोक झरोक्याकडं. जागा याहून दूर गेली, दुसऱ्या पाख्यात किंवा अंगणातल्या झाडावर नेली, तर आईबाप जुन्याच जागी घास आणून ठेवतील आणि पिल्लं पेटीत उपाशी राहतील. मग खबदाडीचं तोंड विटांनी बुजवलं.

संध्याकाळ

सूर्यास्ताआधी अर्धा तास. आधी वरची तीन पिल्लं पेटीत गेली, मग पडलेलं. सगळी भरवलेली. पेटीच्या कोपऱ्यात कोंबडीचे पंधरा-वीस तुकडे ठेवले, आईबाप पहिल्या रात्री बिचकले तर असावेत म्हणून. वरचा उघडा भाग तात्पुरता ताडपत्रीनं झाकला, पण झरोक्यासमोरचा दहा-बारा फुटांचा मार्ग मोकळा. ताडपत्रीची टोकं घट्ट बांधली, कारण फडफडणाऱ्या कापडाजवळ घुबड येत नाही.

मग सगळे खाली. नजर ठेवायची ती समोरच्या घराच्या गच्चीवरून, किमान पन्नास-साठ फूट लांबून, दोघांनी, दिवा न लावता. गवंड्यांनी अंगणात हॅलोजन लावून ठेवला होता, तो बंद करायला लावला. मोबाइलचा फ्लॅश नाही, टॉर्चवर लाल कागद.

साडेसातनंतर पेटीतून घोरल्यासारखा खरखरीत आवाज सुरू झाला. ही भुकेची हाक. चार पिल्लांचे चार सूर वेगळे ओळखू येत नाहीत, पण आवाज तुटक नसून सलग आहे हे चांगलं लक्षण. आठच्या पुढं एक पांढरं पोट वाड्यावरून गेलं, पंखांचा कसलाही आवाज नाही. दोन घिरट्या, आणि परत गेलं. पुन्हा पाऊण तासानं आलं, समोरच्या आढ्यावर बसलं, डोकं वर-खाली करत झरोक्याकडं बघत राहिलं, आणि एक लांब किंचाळी मारून उडालं. गच्चीवरच्यांचा धीर इथं सुटतो. 'आई येत नाही, काढूया पिल्लं' असं वाटू लागतं. त्या क्षणी वर कुणी चढलं तर त्या रात्रीचं काम संपलं. पावणेदहाच्या सुमारास ते सरळ झरोक्यात शिरलं. आतला कलकलाट एकदम वाढला, मिनिटभरात थांबला, आणि पक्षी रिकाम्या पायांनी बाहेर पडला. मध्यरात्रीपर्यंत आणखी तीन फेऱ्या झाल्या.

पहाटेपर्यंत एकही फेरी झाली नसती, तर दिवसा पिल्लांना भरवून दुसरी रात्र द्यायची होती. दुसरी रात्रही कोरी गेली असती, तर मात्र वन विभागामार्फत चौघांनाही उपचार केंद्रात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच, पाच मिनिटांसाठी पेटी उघडली. ठेवलेले तुकडे संपलेले. तळावर दोन ताज्या काळ्या गोळ्या, एका उंदराचं शेपटाकडचं अर्धं अंग शिल्लक. खायला उरतंय म्हणजे येतंय पुरेसं. पडलेलं पिल्लू भावंडांच्या मधोमध. त्याच दुपारी पेटीवरची कौलं चढली. गवंड्यांनी त्या कोपऱ्यातलं काम अकरा ते तीन या वेळेत, हातोडा न वापरता उरकलं. बाकी वाड्याची शाकारणी नेहमीप्रमाणं चालू राहिली.

पुढचे चार आठवडे

तिसऱ्या दिवशी घरातल्या तरुण मुलाच्या मोबाइल स्टेटसवर पिल्लाचा फोटो गेला, गल्लीच्या नावासकट. संध्याकाळी एका अनोळखी माणसानं फोन करून 'विकणार का' विचारलं. घुबडांचा जादूटोण्यासाठी चोरटा व्यापार चालतो, आणि दिवाळीच्या सुमाराला तो जोर धरतो. स्टेटस काढलं, फोनची माहिती वनरक्षकाला दिली, आणि वाड्याच्या मागच्या जिन्याला कुलूप लागलं. फोटो काढलाच तर ठिकाण कळेल असं काही त्यात नको, आणि पिल्लं उडून जाईपर्यंत तो कुठंही टाकू नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात थोरली दोन पिल्लं फळीवर येऊन पंख झाडू लागली. या टप्प्यावर दुसऱ्यांदा पडणं नेहमीचंच. म्हणून झरोक्याखालच्या पडवीत जुन्या गाद्या टाकल्या आणि घरातल्या मांजराला रात्री आत कोंडलं. सात आठवड्यांच्या पुढचं पिल्लू खाली मिळालं तरी नियम तोच: उचलून फळीवर ठेवायचं, सोडून यायचं नाही. बुलबुलाच्या किंवा साळुंकीच्या पंख फुटलेल्या पिल्लाला मात्र जवळच्या झुडपात ठेवून मांजर हाकललं की पुरतं. त्यांचे आईबाप जमिनीवर, झुडपात, कुठंही येऊन भरवतात. घरी फोन आला की म्हणून पहिला प्रश्न हाच: पिल्लू कशाचं?

धाकट्याची काळजी शेवटपर्यंत राहिली. घुबडाची पिसं मऊ, आवाज न करणारी, पण पाणी न झटकणारी. मुसळधार पावसात ते शिकारीला निघू शकत नाही, आणि घास कमी आले की आधी थोरल्यांची पोटं भरतात. सलग दोन रात्री पाऊस झाला तेव्हा पेटी उघडून धाकट्याचा छातीचा कणा पाहिला. थोडा हाताला लागत होता. पिंजऱ्यात पकडलेले दोन लहान उंदीर संध्याकाळी पेटीत ठेवले, तिसऱ्या रात्री पाऊस उघडला, आणि आईबापांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेटी दिवसा रिकामी राहू लागली. पिल्लं उडाली तरी काही आठवडे अंधार पडताच जुन्या जागेजवळ येऊन घास मागत राहतात. म्हणून पेटी लगेच साफ करायची नाही. दिवाळीनंतर, आत अंडी नाहीत याची खात्री करून, बिजागरीची फळी उघडायची आणि भुगा खरवडायचा, पण तळाला दोन बोटं जाडीचा थर राहू द्यायचा.

गवंड्यानं शेवटच्या दिवशी झरोक्याला जाळी मारायला घेतली होती, कबुतरं येतात म्हणून. आजींनी त्याला खालून हाक मारली, आणि झरोका तसाच राहिला.